आधी पट्टे कुठून सुरू होतात ते बघा

पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर परसबागेत साप दिसण्याचं प्रमाण एकदम वाढतं. त्याची कारणं साधी आहेत. बिळांत पाणी शिरलेलं असतं, बेडूक बाहेर पडलेले असतात, आणि उन्हाळ्यात घातलेल्या अंड्यांतून पिल्लं निघण्याचीही हीच वेळ. अळूच्या वाफ्यात काहीतरी सळसळतं, घरातली सगळी माणसं दारात गोळा होतात आणि पहिला प्रश्न विचारला जातो: विषारी आहे का? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधताना आपण चुकीच्या खुणा बघतो, आणि माझ्या मते खरा धोका तिथूनच सुरू होतो.

त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी, ही समजूत घरोघरी पोचली आहे. घोणस आणि फुरसं यांच्यापुरती ती खरी आहे. नाग आणि मण्यार यांचं डोकं मात्र मानेएवढंच, गोलसर आणि अगदी सौम्य दिसणारं असतं. उलट बिनविषारी दिवड घाबरली की डोकं आणि मान चपटी करते आणि चांगली त्रिकोणी दिसू लागते. डोळ्याची बाहुली उभी की गोल, हा दुसरा नियम. डुरक्या घोणशीची बाहुली उभी असते आणि ती पूर्ण बिनविषारी आहे. मण्यारीचा अख्खा डोळाच काळाभोर, त्यात बाहुली दिसतच नाही. शिवाय बाहुली दिसण्याइतकं जवळ जायचं म्हणजे ओळखण्याचा हेतूच संपला. रंगाचंही तसंच. नाग गव्हाळ असतो, पिवळट असतो, काळा असतो. सगळ्या सापांना लागू पडेल अशी एक खूण नाही. चार विषारी साप आणि त्यांच्यासारखे दिसणारे पाच-सहा बिनविषारी, एवढ्या जोड्या नीट पाठ करणं हाच खरा मार्ग आहे.

अंतराचं आधी सांगतो. साप सहसा स्वतःच्या लांबीच्या निम्म्याहून लांब झेप घेऊ शकत नाही. म्हणजे चार फुटी सापापासून आठ-दहा फुटांवर स्थिर उभं राहिलं की निरीक्षणाला भरपूर सवड मिळते. मोबाइलचा कॅमेरा झूम करून दोन-तीन फोटो काढावेत: एक पूर्ण शरीराचा, एक डोकं-मानेचा, आणि जमल्यास पाठीच्या मधोमधचा. फोटो नंतर मोठा करून बघता येतो, आणि जाणकाराला पाठवताही येतो.

परसबागेत सगळ्यात जास्त गल्लत होते ती मण्यार आणि कवड्या यांची. ही गल्लत दोन्ही बाजूंनी महाग पडते. पालींवर जगणारा निरुपद्रवी कवड्या मण्यार समजून मारला जातो, आणि कधी मण्यार कवड्या समजून हातात घेतली जाते. आपल्याकडच्या विषारी सापांत मण्यारीचं विष सर्वांत जहाल मानलं जातं, तेव्हा इथे थोडं थांबू.

मण्यार निळसर काळी, तुकतुकीत, साधारण तीन ते चार फुटांची. अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे असतात, बहुधा दोन-दोनच्या जोडीने. हे पट्टे मानेजवळ नसतात किंवा पुसट ठिपक्यांसारखे असतात आणि शेपटीकडे जाताना ठळक होत जातात. कवड्याचं याच्या उलट. तो तपकिरी, साधारण फूट-दीड फुटाचा. त्याचे पट्टे पिवळसर पांढरे आणि रुंद, मानेपाशी सर्वांत ठळक. पहिला तर गळपट्ट्यासारखाच दिसतो. शेपटीकडे ते विरत जातात. बाजूंना हे पट्टे फाटून एकमेकांत मिसळतात आणि जाळी तयार होते. डोकं चपटं, मानेपेक्षा थोडं रुंद. म्हणून पट्टे कुठून सुरू होतात आणि कुठे ठळक आहेत, हे पहिलं बघायचं.

पण एवढ्यावर विसंबू नये. मण्यारीच्या लहान पिल्लांना मानेपासूनच पट्टे असतात. काही मोठ्या मण्यारींचे पट्टे इतके पुसट असतात की साप निव्वळ काळा दिसतो. शिवाय पट्टेरी कवड्या नावाचा एक लहानसा साप आहे, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला. तो पहिल्या नजरेत मण्यारीचं पिल्लूच वाटतो. अशा वेळी उरते ती पक्की खूण म्हणजे पाठीच्या कण्यावरची खवल्यांची रांग. मण्यारीच्या पाठीच्या बरोबर मध्यावर मोठे, षट्कोनी खवले एका ओळीत मानेपासून शेपटीपर्यंत जातात, शेजारच्या खवल्यांहून स्पष्ट मोठे. कवड्याच्या पाठीवर सगळे खवले सारखेच. उजेडात काढलेला फोटो मोठा केला की हा फरक दिसतो. आणि दिसला नाही, तर तो साप मण्यार आहे असंच धरून चालायचं.

वागण्यातही फरक आहे. कवड्या भिंतींवर, खिडक्यांत, कौलांत सराईतपणे चढतो, कारण पाली तिथे असतात. मण्यार मुख्यतः जमिनीवरची. दिवसा विटांच्या ढिगात, उंदरांच्या बिळात सुस्त पडलेली, डिवचली तर बहुतेक वेळा वेटोळ्यात डोकं खुपसून घेते. दिवसाची ही गरीब मण्यार बघून माणसं फसतात. रात्री ती चपळ असते, दुसरे साप खात फिरते, त्यात कवड्याही आले. कवड्या, पाली, उंदीर घरात येतात म्हणून त्यांच्यामागे मण्यार येते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला होणारे दंश हे प्रामुख्याने तिचेच.

घोणशीच्या बाबतीत ओळख सोपी, सापडणं अवघड. पाचोळ्याच्या रंगाची, जाडजूड, आखूड शेपटीची. पाठीवर लांबट गोल डागांच्या तीन समांतर रांगा. प्रत्येक डाग तपकिरी, त्याला काळी किनार आणि तिच्याबाहेर पांढुरकी रेघ. डाग सुटे किंवा साखळीसारखे जोडलेले, पण रेखीव. प्रत्येक खवल्याच्या मध्यावर कणा, म्हणजे उभी उंचवट्याची रेघ, असल्यामुळे अंग खरखरीत, बिनचमकीचं दिसतं. डिवचली की कुकरच्या शिट्टीइतका मोठा फुत्कार करते आणि तो लांबत राहतो. मात्र फुत्कारापूर्वी बराच वेळ ती हलत नाही. वाळक्या पानांत, कुंडीच्या आडोशाला निवांत पडून राहते, आणि पाय पडला की चावते. बागेत घोणस दिसली नाही म्हणजे ती नाही, असं समजू नका. दुसरं, घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका वेळी वीस-चाळीससुद्धा. वीतभर लांबीचं ते पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं. पावसाळ्याच्या तोंडाला असं एक पिल्लू बागेत दिसलं, तर आसपास आणखी असणार हे गृहीत धरावं.

तिच्या नावात वाटा असलेली डुरक्या घोणस मात्र निराळी. डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, किनारीशिवाय. डोळे बारीक, मान अशी वेगळी दिसत नाही, आणि शेपूट एकदम संपते, बोथट. अजगराचं पिल्लूही घोणस समजून मारलं जातं. त्याचं अंग मात्र गुळगुळीत, चमकदार असतं आणि डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते.

कोकणात जांभ्याचा गडगा असलेल्या बागेत फुरसं आणि मांजऱ्या ही जोडी लक्षात ठेवावी लागते. फुरसं फूट-दीड फुटाचं, मातकट. डोक्यावर बाणासारखी फिकट खूण, दोन्ही बाजूंना नागमोडी पांढरी रेघ. चिडलं की स्वतःभोवती वळसे घेऊन अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासतं. तो करकरणारा आवाज तोंडातून येत नाही. त्याच्यासारखा दिसणारा मांजऱ्या लांब आणि सडपातळ, मान अगदी बारीक, डोळे मोठे, अंग गुळगुळीत, आणि बऱ्याचदा झाडाझुडपांवर. मांजऱ्याला सौम्य विष असतं, माणसाला त्यापासून धोका नाही.

नाग आणि धामण यांत फसायला होतं ते नागाने फणा काढलेला नसतो तेव्हा. धामण नागापेक्षा लांब होते, सहा-सात फूट सहज. डोळे मोठे आणि गोल, ओठांवर उभ्या काळ्या रेघा, शेपटीकडच्या भागावर काळी जाळी. दिवसाउजेडी दिसते आणि माणूस दिसला की वेगाने पळते. कोंडीत सापडली तर मान फुगवते, पण ती उभी फुगते. नागाचा फणा आडवा पसरतो. एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तरी कितीतरी धामणी वाचतील. गाईच्या पायांना विळखा घालून धामण दूध पिते, हे खरं नाही: तिच्या तोंडात मागे वळलेले तीक्ष्ण दात असतात, आणि कोणतीही गाय ते सडाला लावू देणार नाही. नाग आणि धामण यांचा जोडा असतो, हेही नाही. अंगाला अंग गुंडाळून उभे होणारे ते दोन साप बहुतेक वेळा धामणीच्याच जातीचे दोन नर असतात आणि ती कुस्ती असते. एक दमला की निघून जातो.

बाकीच्यांची नावं तरी ओळखीची असावीत. पाठीवर दोन पिवळे पट्टे घेऊन गवतात फिरणारी नानेटी बेडूक खाते, चावतही नाही. हरणटोळ हिरवा, दोरीसारखा, टोकदार तोंडाचा. वेलीवर तासन् तास असतो. कुंडी बदलताना मातीतून निघणारा काळपट, वीतभराचा, गांडुळासारखा जीव म्हणजे वाळा. त्याच्या अंगावर गांडुळासारखी वलयं नसतात, बारीक चकचकीत खवले असतात. तो मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. या जातीत आजवर फक्त माद्याच सापडल्या आहेत, नराशिवाय प्रजा होते, आणि कुंड्यांच्या मातीतून ही जात जगभर पोचली आहे. त्याला मीठ टाकून मारणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो: तो आपल्याला काहीही करू शकत नाही. परत मातीत सोडा.

साप न दिसता नुसती कात मिळाली, तरी घाबरून जाळून टाकू नये. कात उलटी निघालेली आणि ताणलेली असते, म्हणून साप तिच्याहून थोडा आखूड असतो. ती पाण्यात भिजवून मऊ करावी आणि पांढऱ्या कागदावर पसरावी. पाठीच्या मध्यावर षट्कोनी मोठ्या खवल्यांची रांग दिसते का बघा. मग शेपटीची खालची बाजू: मण्यारीचे तिथले खवले अखंड, एकेरी असतात, कवड्याचे मध्ये दुभागून दोन ओळींत. खवल्यांवर कणा जाणवला आणि कात रुंद असली, तर घोणशीची शंका घ्यावी. बागेत कोण राहतं हे त्याला अजिबात त्रास न देता कळण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

साप बागेत असेल आणि जाऊ शकत असेल, तर त्याला जाऊ द्या. घरात शिरला, किंवा अडकला, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला फोन करा, आणि तो येईपर्यंत एका माणसाने दुरून सापावर नजर ठेवावी. नजर हटली की साप कुठे गेला ते कळत नाही आणि मग रात्रभर सगळं घर जागं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं, पकडून ठेवणं, त्यांचे खेळ करणं गुन्हा आहे. आणि फणा काढलेल्या नागासोबत गर्दीत फोटो काढून घेणारा सर्पमित्र आला, तर त्याला पुन्हा बोलावू नका. चांगला सर्पमित्र साप शांतपणे पिशवीत घेतो आणि जवळच्याच योग्य जागी सोडतो.

दंश झाला तर ओळखपरेड थांबवायची. साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. त्या नादात वेळ जातो आणि कधी दुसरा माणूस चावला जातो. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्तावरून ठरवतात: 2 मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं. नळी काचेचीच लागते, आणि साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकू शकतो. लहान मुलाला प्रतिविष मोठ्यांइतकंच देतात, कारण सापाने विष मुलाच्या वजनाप्रमाणे सोडलेलं नसतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत करायचं ते थोडंच आहे. अंगठी, बांगड्या, पैंजण, घट्ट कपडे काढायचे, कारण सूज येते. हात किंवा पाय मोडलेला असावा तसा फळी लावून स्थिर ठेवायचा. चालवायचं नाही, पळवायचं तर अजिबात नाही. 108 ला फोन किंवा मिळेल ती गाडी. आवळपट्टी बांधायची नाही. घोणस-फुरशाच्या विषाने आधीच मरणारं मांस त्या दोरीखाली आणखी मरतं, आणि हात-पाय कापायची वेळ येते. चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं, मांत्रिक, सगळं वर्ज्य.

मण्यारीचं वेगळं सांगायला हवं. तिच्या दंशाने बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसेल असं नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि काही तासांत श्वासाचे स्नायू थांबतात. जमिनीवर झोपलेलं मूल सकाळी पोट दुखतं म्हणू लागलं आणि डोळे अर्धवट मिटू लागले, तर ते अपचन समजू नका. हे विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांना चिकटलं की प्रतिविष ते सोडवू शकत नाही. मग कृत्रिम श्वासावर ठेवून दिवस काढावे लागतात. पण श्वास चालू ठेवला तर माणूस वाचतो, पूर्ण बरा होतो. म्हणून आपल्या जवळ प्रतिविष कुठे मिळतं आणि व्हेंटिलेटर कुठल्या रुग्णालयात आहे, ही चौकशी मे महिन्यातच करून ठेवायची. आणि पलंगावर झोपा. तो नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी दाबून झोपा.

आता बाग. फिनाइल, गंधक, लसूण, कार्बोलिक आम्ल यांच्या रेघा मारून साप थांबत नाहीत. कार्बोलिक आम्लाने कातडी भाजते, माणसाचीही. उपयोग होतो तो उंदीर-घुशींचं खाणं आणि लपण्याच्या जागा कमी केल्याने. सरपण आणि विटा भिंतीला टेकवून न रचता सुट्या जागी, जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर ठेवाव्यात. नारळाच्या झावळ्या पावसाआधी हलवाव्यात. खताचा ढीग दाराजवळ नको. त्याच्या उबेत दिवड आणि धामण अंडी घालू शकतात. पक्ष्यांना टाकलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत. उंदरांना विष घालण्यापेक्षा पिंजरा बरा, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊन धामण आणि घुबड दोन्ही मरू शकतात. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी. अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या फटीतून मण्यारीचं पिल्लू आरामात जातं.

काम करताना पाचोळा हाताने गोळा करू नये, दाताळं वापरावं. दगड किंवा कुंडी हलवताना पलीकडची कड उचलून आपल्याकडे कलंडवायची. अलीकडची उचलली तर खाली बसलेल्याला सुटकेची वाट थेट आपल्या पायांकडे मिळते. अंधारात बागेतला नळ बंद करायला जातानासुद्धा बॅटरी आणि पूर्ण झाकलेले बूट हवेत.

आणि भाज्यांवर पक्ष्यांसाठी टाकलेली नायलॉनची जाळी जमिनीवर लोळू देऊ नका. धामण तिच्यात डोकं घालते, खवल्यांमुळे मागे सरकता येत नाही, आणि पुढे जाईल तसा दोरा मांसात रुतत जातो. जाळी जमिनीपासून दीड-दोन फूट वर ताणून बांधावी, जुनी झालेली गुंडाळून काढून टाकावी. साप अडकलेला दिसलाच, तर ओढू नका. त्याच्या बाजूची जाळी लांबून कापून मोकळी करा, वर ओलं गोणपाट टाकून सावली करा, आणि अंगातला दोरा काढायचं काम सर्पमित्रावर सोडा.